वकीलबाईंचं सहाचं कुलूप

आमच्या बाई अशिलाला पाणी पाजल्याशिवाय त्याचं काही ऐकून घेत नसत. नुसता ग्लास समोर ठेवला म्हणजे झालं नाही, तो संपला पाहिजे. कोणी म्हणालं, "तहान नाही मॅडम," तर म्हणायच्या, "मग बसा. लागली की सांगा." भांडून आलेला माणूस पाणी पिताना गप्प बसतो आणि गप्प बसला की खरं काय घडलं ते त्याला आठवतं, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटायला दोन वर्षं लागली. मला कुठलीही गोष्ट पटायला दोन वर्षं लागतात. त्याआधी कोणी पटवायला येऊ नये.

बाई वकील. भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांचं ऑफिस, राहायला गिरगावात. मी शिकलो चौथी. गिरणीत बदलीवर होतो, कोणी खाडा केला की त्याच्या जागी. गिरणी बंद पडली तेव्हा बाईंनी नुकती वकिली सुरू केली होती आणि त्यांना फायली वाहायला माणूस हवा होता. मी म्हटलं, "वाहीन. पण शिपाई म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"कारकून."

"लिहिता येतं?"

"सही येते. वाचता सगळं येतं."

"पुरे," बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी कारकून. मला त्या मामा म्हणतात, मी त्यांना बाई. तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांना चूक झाली असं तोंडाने सांगितलेलं मला आठवत नाही.

त्यांच्या तऱ्हा पुष्कळ. एका जागी बसून त्यांना विचार करता येत नाही, टेबलाभोवती फिरत फिरत बोलतात. त्या टेबलाभोवतीची लादी झिजलेली आहे. फिरताना पायात एक चप्पल काळी, एक तपकिरी. दोन्ही जोड्यांतली एकेक हरवली तेव्हा उरलेल्या दोघींचं त्यांनी लग्न लावून दिलं. गाऊन चढवला की ते कोणाला दिसत नाही. फायलींशी बोलतात. "काय गं, तुझी तारीख उद्या आणि तू अजून अशी?" असं फायलीला विचारतात. नवीन अशील घाबरतं. मी त्याला सांगतो, तुझीच फाईल आहे, तुझ्याबद्दलच बोलतायत, बस.

त्यांच्याकडे येणारी माणसं लालबाग, परळ, नायगावची, चाळीतली. कोणाची खोली, कोणाचा पोटमाळा, कोणाच्या सुनेचा त्रास. कोणालाही त्या नाही म्हणत नसत. सकाळी कोर्ट, दुपारी कोर्ट, मग ऑफिस, मग राहिलेल्या फायली पिशवीत घालून घरी. रविवार कॅलेंडरवर लाल असतो म्हणून आम्हाला माहीत. मी बोलायचो, "बाई, जेवून घ्या." त्या उभ्या उभ्या पोळीची गुंडाळी खायच्या आणि दुसऱ्या हाताने पानं उलटायच्या. पानांवर भाजीचे डाग पडायचे. मी ते पुसायचो.

मग एका दुपारी कोर्टात पुकारा झाला, बाई उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटं बोलल्या. चांगलं बोलल्या. फक्त ते भांडण दुसऱ्याच माणसाचं होतं. आमची अशील एक विधवा बाई होती. ती माझ्याकडे बघत राहिली.  न्यायाधीश भले होते. म्हणाले, "मॅडम, एकदा फाईल बघता का?" बाईंनी बघितली. माफी मागितली, तारीख मागितली, मिळाली. बाहेर येऊन त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मामा, मला तिचं तोंडच आठवेना," त्या म्हणाल्या. "चार महिने येतेय ती माझ्याकडे. कोर्टात ती समोर उभी होती आणि मला वाटलं, ही कोण?"

मी म्हटलं, "झोप झाली नसेल."

"झोपेचं नाही हे. आत काही उरलं नाही माझ्या. दिवाळीपर्यंत ढकलते, मग सनद परत देऊन टाकते."

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. ती परत दिली की संपलं. माझं काय, मी घरी बसलो असतो, मुलगा नाही म्हणणार नव्हता. पण मला धडकीच भरली. आमच्या फायलींच्या कपाटात किती घरांचं छप्पर होतं ते मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर बाई वकील नसतील तर मी कारकून कोणाचा, हेही होतं.

डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस घरी बसवलं. सोळाव्या दिवशी आल्या त्या लॅपटॉप घेऊन. टेबलावर उघडला आणि म्हणाल्या, "मामा, हा आपला नवीन उमेदवार."

"कुठाय?"

"ह्यात. एआय म्हणतात त्याला. पूर्वी मोठ्या वकिलांकडे पोरं उमेदवारी करायची ना, वाचायचं, टिपणं काढायची, कोर्टात तोंड उघडायचं नाही, तसा हा. सनद नाही त्याला, लक्षात ठेवा. ह्याच्या कुठल्याही कागदावर मी वाचल्याशिवाय सही करणार नाही."

मी म्हटलं, "मी त्याच्याशी बोलणार नाही."

"त्याला काही वाटायचं नाही," बाई म्हणाल्या आणि फिरायला लागल्या.

आता कोणीही दुसरा माणूस असता तर कागद सरळ त्यात ढकलून मोकळा झाला असता. बाई तशा नव्हेत. म्हणाल्या, अशिलाने आपलं गुपित माझ्याजवळ ठेवायला दिलंय, ते नावानिशी बाहेर पाठवायचं नाही. म्हणून त्यांनी माशांची नावं काढली. आधी कागदांची झेरॉक्स काढायची. मग नाव दिसेल तिथे मी कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर माशाचं नाव बाईंनी आधीच लिहिलेलं. अशील सुरमई, सासरा हलवा, दीर मांदेली. घरमालक कोणाचाही असो, तो कायम शिंगाळा. कोण कोणता मासा ते एका वहीत, ती वही खणात, खणाची किल्ली माझ्याकडे. एका घटस्फोटात नवऱ्याला बोंबील दिला होता. मी विचारलं, "बोंबील का?"

"बघितलंत ना त्याला?" बाई म्हणाल्या. मी पट्टी चिकटवली.

पहिल्याच आठवड्यात उमेदवाराने एक जुना निकाल सांगितला, अगदी नाव, साल, पानासकट. बाईंनी लायब्ररीत दोन तास शोधला. तसा निकाल कुठल्याही पुस्तकात नव्हता. त्याने घरीच शिजवला होता. मी खूश. म्हटलं, "हाकला."

"छे. नवीन उमेदवार असंच करतो. साहेबासमोर माहीत नाही म्हणायची लाज वाटते. मीही एकदा केलंय," बाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून निकाल शोधायचं काम त्यांनी त्याच्याकडून काढून घेतलं. त्याने कागद लावायचे, तारखा क्रमाने मांडायच्या, पत्राचा कच्चा खर्डा करायचा, एवढंच. आणि त्यानं वाचलेल्यातली कुठलीही दहा पानं उघडून बाई मुळाशी ताडून बघणार.

तरी महिन्याभरात असं झालं की दुपारी चारला टेबल रिकामं. तीस वर्षांत मी ते टेबल चारला रिकामं पाहिलं नव्हतं. त्याचं लाकूड कुठल्या रंगाचं आहे हेही तेव्हा कळलं. मी म्हटलं, "बाई, बाहेर तिघं जण आलेत. घ्या आत, आता हात मोकळा आहे."

बाई थांबल्या. "मामा, ह्याने सोडवलेला वेळ मी पुन्हा विकायला काढला, तर सहा महिन्यांत परत त्या पायरीवर बसलेली दिसेन. हातात चाळिसाच्या वर दावे घ्यायचे नाहीत. एक्केचाळिसावा आला तर चांगला वकील सांगायचा आणि पाठवायचं. आणि सहाला कुलूप."

त्यांनी गजराचं घड्याळ आणून कपाटावर ठेवलं. सहाला असं वाजायचं की समोरचं अशील दचकायचं. बोलणाऱ्याला वाक्य पुरं करू द्यायच्या, पुढचं उद्या. पिशवीत फाईल नाही. एक मोठा अशील त्यावरून रागावून गेला. बाई म्हणाल्या, "जाऊ दे, त्यांना माझी झोपमोड हवी होती, वकील नको होता." संध्याकाळी त्या दादरला पोहायला शिकायला जाऊ लागल्या. वय छप्पन्न. शिकवणारा त्यांना आजी म्हणाला म्हणून त्याला त्यांनी आधी पाणी पाजलं आणि मग समजावलं.

मी मात्र उमेदवाराशी बोललो नव्हतो. आणि मी मधून मधून विचारायचो, "दिवाळीचं काय?"

"बघू. वाचन हलकं झालंय मामा, पण तो भरवसा गेलाय ना, की आपल्याला माणूस ओळखू येतो, तो अजून आला नाही."

श्रावणात धाकू परब आला. लालबागच्या एका चाळीत त्याच्या गावाची खोली. कोकणातली माणसं मुंबईत आली ती अशीच राहिली, एका गावाची एक खोली, तीत पंधरावीस गडी, पाळ्या लावून झोपायचे. मीही तसाच राहिलोय, माझा गाव वेगळा. आता चाळ पाडून टॉवर होणार होता आणि भाड्याच्या पावतीवर ज्याचं नाव, त्याच्या नातवाने अर्ज केला होता, की खोली माझ्या आजोबांची, मोठी जागा मला एकट्याला द्या. धाकू अजून तिथेच राहायचा, बरोबर तीन म्हातारे.

बाईंनी पाणी दिलं. धाकूने पिऊन ग्लास पालथा ठेवला. "बाईनू, खोली गेली तर आमी खंय जावचा? गावात घर पडला, हय ह्यो नातू डोक्यावर बसलो. पन्नास वर्सां मी थय निजलंय."

"कागद काय आहेत?"

त्याने गोणपाटाची पिशवी टेबलावर रिकामी केली. पावत्या, गावाच्या मंडळाच्या वह्या, चिठ्ठ्या, सगळी मिळून तीनशेच्या वर पानं, काही शाईने लिहिलेली, काही पेन्सिलीने. मी चार दिवस पट्ट्या चिकटवल्या. पावतीवर ज्याचं नाव तो बांगडा, त्याचा नातू पेडवा, धाकू रावस. उमेदवाराला दिलं. सकाळी त्याचं टिपण आलं आणि बाई टेबलाभोवती फिरत ते मोठ्याने वाचू लागल्या.

"भाडेकरू बांगडा. इतर सर्व त्याच्या परवानगीने राहणारे. वही क्रमांक तीन, खोलीतील सामानाची यादी, पेट्या सोळा. दाव्याशी संबंध दिसत नाही." बाई म्हणाल्या, "कठीण आहे मामा. राहण्याची परवानगी एवढाच मुद्दा धरून लढावं लागेल."

मी पंखा पुसत होतो. म्हटलं, "पेट्यांचं काय म्हणाला तो?"

"सामानाची यादी."

मला राग आला तो कोणाचा, हे अजून सांगता येणार नाही. मी खाली उतरलो. म्हटलं, "बाई, तुम्ही गिरगावातल्या, तुमच्या घरी पेटीत कपडे असतील. गावाच्या खोलीत पेटी म्हणजे माणूस. मंडळाने ठराव केला की तुझी पेटी आत यायची, माळ्यावर नंबराने लागायची. पेटी आहे तोवर तुझा हक्क, तू गावी असलास तरी. स्वतःचं घर झालं की पेटी उचलायची, हक्क संपला. बाप वारला तर पेटी मुलाच्या नावावर चढायची. पावतीवर नाव कोणा एकाचं टाकावं लागतं म्हणून टाकायचे, ज्याला सही येते त्याचं. माझी पेटी अकरा नंबर होती."

बाई उभ्याच राहिल्या. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? पट्ट्या तुम्हीच चिकटवल्यात ना त्या यादीवर?"

"मला वाटलं हे काय सांगायचं. सगळ्यांना माहीत आहे."

त्या खुर्चीत बसल्या. बाई बसल्या की मला भीती वाटते. म्हणाल्या, "हे असंच दाखल केलं असतं मी. पुन्हा तेच झालं. समोर माणूस बसलाय, पाणी पितोय, आणि मला तो दिसला नाही." लॅपटॉप मिटला. "पुरे हे. उद्यापासून सगळं मी स्वतः वाचते, पहिल्यासारखं. दिवाळीपर्यंत जेवढं होईल तेवढं."

खरं तर मी इतके महिने ह्याचीच वाट बघत होतो. ते डबडं मिटलं होतं. पण पहिल्यासारखं म्हणजे काय ते मी पाहिलं होतं, भाजीचे डाग मीच पुसले होते. मी म्हटलं, "पहिल्यासारखं वाचून तुम्हाला पेटी कळली असती?"

बाईंनी मिटलेला लॅपटॉप थोडा बाजूला सारला.

"तुम्हाला नसती कळली, त्याला नाही कळली. मला कळली. मग वाचू दे त्याला. तुम्ही मोठ्याने म्हणा, मी ऐकतो. कुठे शेण खाल्लं ते मी सांगतो."

"तुम्ही त्याच्याशी बोलणार?"

"मी तुमच्याशी बोलणार. तुम्ही त्याला सांगा."

मग बाईंनी लॅपटॉप उघडून पेटी म्हणजे काय ते मी सांगितलं तसं लिहिलं आणि त्याला पुन्हा वह्या बघायला लावल्या. चहा संपायच्या आत त्याने तक्ता करून दिला. कोणाची पेटी कधी आली, कोणाची कोणाच्या नावावर चढली, कोणाची गेली. ह्या नोंदी चाळीस वर्षांच्या वह्यांत कुठेही विखुरलेल्या होत्या, मध्येच गणपतीच्या आरतीची पाळी, मध्येच कोणी स्टोव्ह फोडला त्याची तक्रार. बाईंना एकटीने काढायला पंधरवडा गेला असता. पुढचे दोन दिवस त्या बोट ठेवून एकेक ओळ मूळ वहीशी ताडत होत्या आणि मी समोर. दोन जागी त्याने अक्षर चुकीचं वाचलं होतं, आम्ही दुरुस्त केलं. आणि एकोणिसाव्या ओळीवर बाईंचं बोट थांबलं.

"मामा, वाचा."

मी वाचलं. बांगड्याने डोंबिवलीस जागा घेतल्याने आपली पेटी नेली, मंडळाने नारळ दिला. खाली त्याची स्वतःची सही. म्हणजे नातू ज्याच्या नावावर खोली मागत होता, तो आजोबा तीस वर्षांमागे स्वतःच्या हाताने हक्क सोडून गेला होता.

त्या दिवशी सहाचा गजर वाजला तेव्हा आमचं ते पान अर्धं राहिलं होतं. मला वाटलं, आज बसतील. बाईंनी पानात खूण घातली आणि कुलूप माझ्या हातात दिलं.

कोर्टात समोरचा वकील तरुण, हुशार. त्याला पेटी हा विनोद वाटला. "पेटी काय, कोणीही ठेवील," तो म्हणाला. न्यायाधीशांनी धाकूलाच पुढे बोलावून विचारलं, हे पेटीचं काय आहे, कोणीही ठेवू शकतो का?

धाकूने त्या वकिलाकडे बघितलं. म्हणाला, "साहेब, मंडळाचो ठराव नसताना ह्येंची छत्री सुदा आमी थय ठेवूक देवचव नाय."

लोक हसले. न्यायाधीशांनी वही मागून घेतली, ती नोंद वाचली, सही बघितली. बाई दहा मिनिटं बोलल्या, कागद न बघता. सोळाही पेट्यांची माणसं त्यांनी नावानिशी सांगितली, कोण गिरणीच्या कुठल्या खात्यात होता, कोणाचा मुलगा आता कुठे आहे. माशांची नाही, खरी नावं. हुकूम झाला की दाव्याचा निकाल लागेपर्यंत खोली नातवाच्या एकट्याच्या नावावर लावायची नाही आणि म्हाताऱ्यांना हलवायचं नाही. दावा अजून चालू आहे. धाकू अजून तिथे झोपतो.

ही गोष्ट पेट्यांमुळे परळभर झाली. दिवाळीला आठ दिवस असताना दुसऱ्या एका गावाच्या मंडळाची पाच माणसं आली. त्यांची तर तीन खोल्यांची भानगड, वह्या ट्रंकभर, समोर दहा वारस. त्यांना मीच पाणी दिलं, पाच ग्लास. त्या वेळी आमच्या हातात एकोणचाळीस दावे होते.

बाईंनी सगळं ऐकलं. फिरत होत्या. मग त्यांच्यासमोर येऊन म्हणाल्या, "खोटं सांगत नाही. हा दावा आठ वर्षं चालेल. दहाही लागतील."

त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, "चालू दे. तुम्ही शेवटपर्यंत असाल ना, एवढं सांगा. मधी दुसऱ्या वकिलाकडे नका पाठवू."

 मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागलो, ते स्वच्छच होतं. बाईंनी एकेकाकडे नीट बघितलं, पाचही जणांकडे, आपण कोणाला लक्षात ठेवायचं ठरवलं की बघतो तसं. मग म्हणाल्या, "असेन."

आणि माझ्याकडे वळल्या. "मामा, दहा वर्षं म्हणतायत. तुम्ही?"

माझं वय तेव्हा बहात्तर. मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? वह्या आणा म्हणावं."